चोच मारून परतलेले मार्लिन: विल्मिंग्टन कॅनियनवरील एका फेरीतील आमिषांचा अभ्यास

चालत्या बोटीमागे आमिष ओढून खोल समुद्रातले मासे पकडण्याच्या पद्धतीत, म्हणजे ट्रोलिंगमध्ये, मासा आमिषापर्यंत येऊनही गळाला लागला नाही की दोष सहसा पाण्याच्या रंगाला, वाऱ्याच्या दिशेला किंवा माशाच्या लहरीला दिला जातो. पुढे मांडलेल्या प्रकरणात या तिन्ही गोष्टी अनुकूल होत्या, मासे वर येत होते, आमिषावर चोच मारत होते, आणि तरीही दुपारपर्यंत एकही मासा लागला नव्हता. नैसर्गिक आमिष पाण्यात बिघडते तेव्हा ते कुठल्या कारणाने बिघडले याची खूण त्याच्या अंगावर असते, आणि ती खूण न वाचता आमिष समुद्रात भिरकावून देणे ही या छंदातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे, असे माझे ठाम मत आहे. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

फेरी न्यू जर्सीच्या दक्षिण टोकावरच्या केप मे येथून ऑगस्टच्या अखेरीस निघाली होती. बोट तीसेक फुटी, खासगी मालकीची. मालक मूळचे रत्नागिरीकडचे, बरीच वर्षे न्यू जर्सीत स्थायिक झालेले; आमिषे तयार करण्याचे काम त्यांच्या भाच्याकडे होते, आणि मी पाहुणा म्हणून सोबत होतो. उद्दिष्ट पांढऱ्या मार्लिनचे, म्हणजे भाल्यासारखी लांब चोच असलेल्या मोठ्या समुद्री माशाचे, होते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात हा मासा व्हर्जिनियापासून न्यू जर्सीपर्यंतच्या खंडमंचाच्या कडेला येतो, जिथे समुद्राच्या तळात विल्मिंग्टन, बाल्टिमोर, पुअरमॅन्स अशा नावांच्या दऱ्या आहेत आणि पाण्याची खोली थोड्या अंतरात शंभर फॅदमवरून (सुमारे १८३ मीटर) कित्येक पट वाढते. गल्फ स्ट्रीममधून सुटलेले कोमट, निळे पाणी त्या कडेला टेकले की छोटे मासे गोळा होतात आणि त्यांच्या मागे मार्लिन येतो. पहाटेपूर्वी निघून उजाडताना आम्ही तिथे पोहोचलो, तेव्हा पाणी निळे होते, तरंगते सरगॅसम शेवाळ विरळ होते आणि पृष्ठभागावर पक्षी मासे टिपत होते.

आमिष बॅलीहूचे होते. हेमिऱ्हॅम्फस ब्राझिलिएन्सिस असे शास्त्रीय नाव असलेला हा सडपातळ, चंदेरी मासा उडणाऱ्या माशांच्या जवळच्या कुळातला असून त्याचा खालचा जबडा लांब चोचीसारखा पुढे आलेला असतो, तर वरचा आखूड असतो. दक्षिण फ्लोरिडात तो जाळ्याने पकडला जातो आणि आकारानुसार निवडून, हवा काढलेल्या पाकिटांत गोठवून अटलांटिक किनाऱ्यावरच्या आमिषाच्या दुकानांत पोहोचतो. जेमतेम वीतभर लांबीच्या लहान बॅलीहूला तिथले खलाशी ‘डिंक’ म्हणतात आणि पांढऱ्या मार्लिनसाठी तोच पसंत करतात. आमच्या बोटीमागे चार डिंक उघडे, म्हणजे झालरीविना, आणि दोन मोठे बॅलीहू आयलँडर नावाच्या झालरीच्या डोक्यामागे (पाण्यात फडफडणाऱ्या तंतूंची झालर असलेले कृत्रिम डोके) लावलेले, अशी सहा आमिषे होती. मोठी दोन आमिषे माहीमाही आणि वाहू या खोल समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी होती.

पहिल्या दोन तासांत मार्लिन तीन वेळा वर आला. प्रत्येक वेळी तोच क्रम घडला: आमिषामागे तपकिरी सावली दिसली, चोच पाण्याबाहेर आली, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोर) आउटरिगरच्या, म्हणजे दोर बोटीपासून बाजूला दूर धरणाऱ्या लांब काठीच्या, चिमट्यातून सुटला, रीळ मोकळे सोडून मासा गिळण्याची वाट पाहिली गेली, आणि ताण दिल्यावर गळ रिकामा परत आला. गळाला एकदा नुसते डोके होते, एकदा डोके आणि कण्याचा तुकडा, आणि एकदा काहीच नव्हते. दरम्यान झालरीची दोन्ही आमिषे स्वतःभोवती गरगर फिरत होती आणि त्यांच्या लीडरला, म्हणजे गळाला जोडलेल्या दोराच्या शेवटच्या तुकड्याला, पीळ पडला होता. “मामा, मासे नुसते चोच मारून जाताहेत, भूक नाही त्यांना,” असे भाच्याने म्हटले. मामांनी त्यावर वेग साडेपाच नॉटवरून सातपर्यंत वाढवला, कारण वेगाने पळणारे भक्ष्य मासा अधिक जोमाने पकडतो असा त्यांचा अनुभव होता. झालरीच्या आमिषांबाबत हा अनुभव चुकीचा नाही. उघड्या डिंकसाठी मात्र सात नॉट हा वेग जास्त आहे, आणि पुढच्या अर्ध्या तासात चारही डिंक कोणताही मासा न शिवता फाटून गेले.

याच गोष्टीने प्रकरणाची दिशा बदलली. माशाने न शिवलेले आमिष जर फाटत असेल, तर माशाने शिवलेले आमिष का फाटले याचे उत्तर माशाच्या वागण्यात शोधण्याचे कारण उरत नाही. मामांनी बोट मंद करून सगळी आमिषे आत घेतली आणि ती डेकवरच्या पाटावर ओळीने मांडून आम्ही पाहिली.

मासा आणि पाणी यांनी केलेल्या नुकसानीत स्पष्ट फरक असतो. वाहूचे दात आमिष सुरीने कापल्यासारखे कापतात आणि बहुधा गळाच्या लगेच मागे. माहीमाही शेपटीकडून ओढतो आणि मांसाला ओरखडे व चिरा पडतात. मार्लिनची चोच खरखरीत असल्यामुळे तिचा घाव बसलेल्या जागी खवले आणि कातडी खरवडून निघते, पण खालचे मांस घट्टच राहते. पाण्याने केलेले नुकसान कल्ल्यांपासून आणि पोटापासून सुरू होते. तिथले मांस पांढुरके, भिजलेल्या कापसासारखे होते, पोटाची भिंत तळाशी उसवते, आणि कडा कुठेही स्वच्छ कापलेली दिसत नाही. आमच्या पाटावरच्या चारही डिंकची अवस्था या दुसऱ्या प्रकारची होती. सकाळच्या माशांनी सोडलेली डोकी भाच्याने फेकून दिली नव्हती, म्हणून तीही पाहता आली: एकाच डोक्यावर चोचीचा खरवडा होता, आणि त्याचेही कल्ले उघडे पडून आतले मांस मऊ झालेले होते. मार्लिनने ठोसा दिला, ठोशाने आधीच सैल झालेले धड डोक्यापासून सुटले, त्याने ते धड गिळले आणि गळ डोक्यासह आमच्याकडे राहिला. मासा भुकेला होता आणि त्याचे पोटही भरले.

आता हे मांस इतके मऊ का झाले, हा प्रश्न आदल्या रात्रीकडे नेतो. भाच्याने गोठलेली पाकिटे फोडून मासे घरच्या सिंकमध्ये नळाच्या पाण्याखाली धरले होते, कारण त्याने लवकर विरघळतात. विरघळलेले मासे त्याने बर्फाच्या पेटीत थेट बर्फावर ठेवले होते आणि सकाळपर्यंत ते वितळलेल्या गोड्या पाण्यात तरंगत होते. समुद्रातल्या माशाचे मांस गोड्या पाण्यात ठेवले की त्याच्या पेशी पाणी शोषून फुगतात; गोठताना बर्फाच्या कणांनी काही पेशी आधीच फुटलेल्या असतात, त्यामुळे हे शोषण अधिक वेगाने होते आणि कातडीची चमकही जाते. त्यात पोटातली घाण काढलेली नव्हती. माशाच्या आतड्यातले पाचक रस तो मेल्यावरही काम करत राहतात आणि सर्वांत आधी पोटाची भिंत पोखरतात. कोकणात तारली किंवा बांगडा घेताना बोटाने पोट दाबून पाहणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असते, आणि मासा खाण्यासाठी घेताना आपण जी पारख करतो तीच आमिषाला लावावी, असे मला वाटते: डोळा स्वच्छ, पोट टणक, कातडी चमकदार, आणि पाकिटात गुलाबी पाणी साचलेले नसावे, कारण ते पाणी मासा मध्येच एकदा विरघळून पुन्हा गोठवला गेल्याची खूण असते. असे पाकीट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

योग्य रीत वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. पाकिटे बंद असतानाच थंड जागी सावकाश सैल होऊ द्यायची आणि मासे एकमेकांपासून सुटण्याइतके मऊ झाले की समुद्राच्या पाण्यात बर्फ आणि जाडे, आयोडीन नसलेले मीठ घालून केलेल्या गारढोण मिश्रणात सोडायचे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात आणखी मीठ पडले की मिश्रणाचे तापमान शून्य अंशाखाली उतरते, आणि तीव्र खारे पाणी मांसातले जादा पाणी ओढून घेऊन त्याला घट्टपणा देते. पुष्कळ खलाशी त्यात खाण्याचा सोडाही घालतात, त्याने रंग टिकतो असा त्यांचा अनुभव आहे. त्याआधी प्रत्येक माशाचे पोट अंगठ्याने डोक्याकडून गुदद्वाराकडे दाबत नेऊन घाण बाहेर काढायची. दाब हलका हवा, नाहीतर आपणच पोट फोडतो. मग मासा दोन्ही हातांत धरून कणा डावीकडे-उजवीकडे हलकेच वाकवायचा, म्हणजे तो ताठ काठीसारखा न राहता पाण्यात लवचिक हलतो. तयार झालेले आमिष बर्फावर नव्हे, तर बर्फावर ठेवलेल्या तबकात ठेवायचे, म्हणजे वितळलेले पाणी खाली जाते आणि मासा कोरडा व गार राहतो. या सगळ्यात मला तबकाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण उत्तम रीतीने खारवलेली आमिषेही दुपारपर्यंत पेटीच्या तळाशी गोड्या पाण्यात बुडून वाया गेलेली मी अनेक बोटींवर पाहिली आहेत.

दुसरा दोष बांधणीत होता. डिंकला सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, लावताना तो गळ माशाच्या अंगात जात नाही, तो डोक्याच्या पुढे मोकळा राहतो. तांब्याच्या मऊ तारेत ओवलेली सुमारे ७ ग्रॅमची शिशाची गोळी हनुवटीखाली, कल्ल्यांच्या झाकणांमधल्या खाचेत बसवतात. तारेचे टोक डोळ्यांच्या खोबणीतून आरपार नेऊन कल्ल्यांच्या झाकणांवरून दोन घट्ट वेढे घेतात. मग दोन्ही जबडे मिटून तार खालून वर टोचतात आणि चोचीभोवती पुढे गुंडाळत संपवतात. या तारेतच डोक्यावर एक बारीक स्विव्हल (पीळ न पडू देणारी फिरती कडी) अडकवलेला असतो आणि त्याच्या कडीतून गळाचे टोक जाते. चोचीचा उरलेला भाग मोडून टाकतात, कारण तो पाण्यात सुकाणूसारखा आमिषाला एका बाजूला ओढतो. भाच्याने हे सगळे केले होते. फक्त त्याने डोळे काढले नव्हते आणि वेढे कल्ल्यांच्या झाकणांवरून न घेता त्यांच्या पुढून घेतले होते. डोळा राहिला की तार त्याच्यावर बसते, तासाभरात डोळा पिचतो आणि तार सैल होते. वेढे पुढे असले की झाकणांची मागची कड मोकळी राहते. पाच-सहा नॉटच्या वेगाने पाणी तोंडातून आणि झाकणांखालून आत शिरते, पोटाच्या पोकळीत भरते आणि सर्वांत कच्च्या जागी, म्हणजे तळाशी, बाहेर पडते. पोट उसवण्याचे हे यांत्रिक कारण आणि गोड्या पाण्याचे रासायनिक कारण एकमेकांना मदत करत होते. यांपैकी एकच दोष असता तर आमिषे कदाचित तास-दीड तास टिकली असती.

इथे सर्कल हुकविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण आमिष बांधण्याची ही रीत त्याच्यामुळेच रूढ झाली. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मार्लिनसारख्या चोचीच्या माशांच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिष वापरताना टोक बाजूला न वळवलेला सर्कल हुकच वापरण्याचे बंधन २००८ पासून लागू आहे. त्यामागे अभ्यास आहे. अँड्रिज होरोडिस्की आणि जॉन ग्रेव्हज यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, उपग्रहाशी जोडलेल्या खुणा लावून सोडलेल्या पांढऱ्या मार्लिनपैकी सर्कल हुकवर पकडलेले सर्व मासे जगले, तर जे-हुकवर, म्हणजे इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या नेहमीच्या गळावर, पकडलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्केच जगले. जे-हुक अनेकदा घशात किंवा पोटात रुततो, सर्कल हुक बहुधा मासा वळताना घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. आमची फेरी स्पर्धेची नव्हती, तरी डिंकवर सर्कल हुकच होते, आणि मार्लिन सोडूनच द्यायचा हे मामांनी आधीच ठरवले होते. मात्र हा गळ रुतवण्यासाठी आमिष माशाच्या तोंडात डोक्यासह, अखंड, काही सेकंद राहावे लागते. जे-हुकच्या काळात झटका देऊन फाटक्या आमिषावरही मासा कधीमधी लागत असे. सर्कल हुकला झटका चालत नाही, फक्त हळूहळू ताण द्यावा लागतो. त्यामुळे आमिषाच्या अखंडपणाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

झालरीच्या दोन आमिषांचा दोष निराळा होता. त्यांत जे-हुक अंगाच्या आत होते: गळ कल्ल्याच्या झाकणाखालून आत घालून पोटाच्या पोकळीतून पुढे सरकवायचा आणि तळाच्या मध्यरेषेवर बाहेर काढायचा, गळाचा डोळा (दोर बांधायचे भोक) कल्ल्यांखाली यावा आणि तिथली ताठ तारेची टाचणी दोन्ही जबड्यांतून वर यावी, अशी ही रीत आहे. एका आमिषात गळ मध्यरेषेपासून चांगला बोटभर बाजूला निघाला होता. दुसऱ्यात तो मध्यावर होता, पण फार मागे निघाल्याने गळाच्या दांड्याने माशाला धनुष्यासारखे ओढून धरले होते. वाकलेला मासा पाण्यात फिरणारच. त्याला सरळ पोहायला लावणारा कोणताही वेग नाही. गळ बाहेर येण्याची जागा आधी बाहेरून, माशाशेजारी गळ धरून मोजावी, आणि छिद्र दांड्याच्या दिशेने किंचित लांब चिरावे, म्हणजे मासा वाकला तरी दांडा त्याला अडवत नाही. फिरणाऱ्या आमिषाच्या बाबतीत मी आधी नेहमी गळावर शेवाळाची काडी अडकली आहे का हे पाहतो, कारण तिनेही आमिष असेच फिरते आणि ते कारण एका झटक्यात दूर होते. त्या दिवशी शेवाळ नव्हते.

पेटीत दोन पाकिटे अजून बंद होती. भाच्याने ती समुद्राच्या पाण्याच्या बादलीत बर्फ आणि मीठ टाकून सावकाश सैल केली. त्यात तासभर गेला आणि तेवढा वेळ आम्ही केवळ झालरीची, नव्याने सरळ बांधलेली आमिषे साडेसहा नॉटने ओढली. ती आता फिरत नव्हती, आणि त्यांपैकी एकावर एक मध्यम माहीमाही लागला. डिंक तयार झाल्यावर मोठी आमिषे काढून घेतली आणि वेग पाच नॉटवर आणला, कारण दोन्ही प्रकारांना एकाच वेळी न्याय देणारा वेग नाही, असे मामांनी स्वतःच ठरवले. प्रत्येक डिंक आउटरिगरवर सोडण्यापूर्वी बोटीच्या कडेला, प्रॉपेलरच्या फेसाबाहेरच्या स्वच्छ पाण्यात काही क्षण धरून पाहिला: डोके पुढे, पोट खाली, शेपूट हलकी हलती, अंग न फिरणारे. एक डिंक कलून पोहत होता. त्याची तार सोडून गोळी मध्यावर आणल्यावर तो सरळ झाला.

दुपारनंतर मार्लिन दोनदा वर आला. पहिल्याने उजव्या लांब आउटरिगरवरचा डिंक घेतला, मामांनी रीळ मोकळे सोडून मनात पाच मोजले, मग ताण वाढवत नेला, आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुतला. मासा साधारण पंचवीस किलोचा असावा. त्याला पाण्यातच धरून गळ काढला आणि बोट हळू पुढे नेत, कल्ल्यांतून पाणी वाहू देऊन सोडले. दुसरा मासा सुटला. त्या वेळी रिळावर अंगठ्याचा दाब जास्त पडला आणि आमिष माशाच्या तोंडातून ओढले गेले. ते आत आले तेव्हा त्याच्या डाव्या अंगावर चोचीचे स्पष्ट खरवडे होते, पण पोट शाबूत आणि कल्ले बंद होते. तोच डिंक पुन्हा सोडला आणि त्याने आणखी बराच वेळ सरळ पोहून दाखवले.

सकाळच्या तीन आणि दुपारच्या दोन माशांवरून बांधणीचे यश संख्येत मोजता येणार नाही. लाटा, उजेड, प्रवाह हे सारे दिवसभर बदलत होते. आमिषे मात्र मोजता येतात. सकाळची चार अर्ध्या तासात फुटली होती, दुपारची चार परत निघेपर्यंत टिकली, आणि हा फरक माशाने केलेला नव्हता. मामांच्या बोटीवर तेव्हापासून आदल्या रात्रीची तयारी सिंकमध्ये होत नाही. भाचा केप मेच्या धक्क्यावर खाऱ्या पाण्याचे दोन डबे भरून घरी नेतो, डोळे काढण्याची नळी आणि कापलेल्या तारा त्याच रात्री मांडून ठेवतो, आणि तयार डिंक जाळीच्या तबकांत, दोन थरांमध्ये ओले कापड घालून, पोट वर करून ठेवतो. मोठे बॅलीहू तो वेगळ्या तबकात ठेवतो आणि ते वाहूसाठी निघालेल्या दिवशीच बाहेर काढतो. त्यांच्या लीडरला तंगूसाऐवजी एकेरी तार असते, कारण वाहूचे दात तंगूस तोडतात.